मिशमी गावात ‘हळू’ कसं विचारायचं

मेळघाटात कोरकू शब्द गोळा करायला पहिल्यांदा गेलो तेव्हा एका आजींना विचारलं, “‘हळू’ला तुमच्यात काय म्हणतात?” आजींनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि एक शब्द कुजबुजल्या. मी तो वहीत ‘हळू’समोर नोंदवला. तिसऱ्या दिवशी तोच शब्द घालून ‘बैल हळू चालतो’ असं वाक्य जुळवलं, तर अंगणातली पोरं हसून लोटपोट. माझ्या वाक्यात बैल कुजबुजत चालला होता.

चूक आजींची नव्हती. मराठीतलं ‘हळू’ चालीलाही लागतं आणि आवाजालाही. मी कोणतं विचारतोय हे त्यांनी अंदाजानं ठरवलं. तेव्हापासून कुणी अनोळखी भाषेत कामाला निघालं की मी एवढंच सांगतो: नाम बोट दाखवून मिळतं, क्रियापद खुणेनं मिळतं, क्रियाविशेषण मात्र नुसतं मागून मिळत नाही. ती क्रिया तशी घडवावी लागते, मग तो शब्द बाहेर येतो. कधी शब्द येतच नाही, क्रियापदच वेगळं येतं, आणि ते जास्त मोलाचं असतं.

हा लेख अरुणाचलात मिशमी भाषांवर काम करायला जाणाऱ्यांसाठी आहे. भाषाविज्ञानाचे विद्यार्थी डोळ्यांसमोर आहेत, पण हौशी माणसालाही यातलं बरंच जमेल.

आधी ठरवा: कोणती मिशमी?

‘मिशमी भाषा’ असं एकवचनात म्हणणं सोयीचं असलं तरी फसवं आहे. मिशमी म्हणवणारे तीन समाज आहेत: इदू, तराओन (जुन्या कागदांत दिगारू) आणि कमान (जुन्या कागदांत मिजू). इदू लोक दिबांग खोऱ्यात, म्हणजे वर अनिनी आणि खाली रोइंगच्या बाजूला राहतात. तराओन आणि कमान मुख्यतः लोहित आणि अंजाव जिल्ह्यांत. सीमेपलीकडे तिबेटच्या झायूल भागातही तराओन आणि कमान बोलणारे आहेत. चीनमध्ये त्यांना ‘देंग’ म्हणतात. इदू आणि तराओन या जवळच्या बहिणी. कमान मात्र वेगळी, इतकी की एकीतला नियम दुसरीला लावायला जाऊ नये. जनगणना तिघींना ‘मिशमी’ या एका नावाखाली मोजते, त्यामुळे आकडे वाचताना हे लक्षात ठेवा.

जॉर्ज ग्रिअर्सनच्या इंग्रज काळातल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०९ सालच्या खंडात इदूंचं नाव ‘चुलीकाटा’ असं येतं. हा असमिया शब्द, अर्थ ‘केस कापलेले’, कपाळावर सरळ रेषेत कापलेल्या केसांवरून पडलेला. रोइंगजवळ भीष्मकनगरचे अवशेष आहेत आणि रुक्मिणी तिथलीच, अशी कथा तिकडे सांगतात. कृष्णानं रुक्मीचे केस कापले, म्हणून ही केशरचना, असंही त्या कथेत जोडलेलं असतं. आपल्याकडे रुक्मिणीचं माहेर अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर. गप्पा सुरू करायला हा विषय उत्तम आहे, पण वाद घालायला बसू नका. तुम्ही क्रियाविशेषणांसाठी गेला आहात.

वहीच्या पहिल्या पानावर भाषा, गाव, बोलणाऱ्याचं वय आणि आईचं गाव लिहा. ‘मिशमी’ एवढंच लिहिलेली वही पुढे कुणाच्याच कामाची राहत नाही.

घरून निघण्याआधी मराठीची चिरफाड

ही पायरी सगळे टाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. स्वतःच्या भाषेत क्रियाविशेषण कुठे कुठे लपतं हे ज्याला दिसलेलं नाही, त्याला दुसऱ्याच्या भाषेत ते कसं दिसणार?

शाळेत आपण शिकलो की क्रियाविशेषण हे अव्यय, म्हणजे न बदलणारं. मग ही वाक्यं पाहा: तो चांगला गातो. ती चांगली गाते. पोरं चांगली गातात. तिनं भात चांगला शिजवला. तिनं पोळी चांगली लाटली. ‘कसं गाते?’ याचं उत्तर ‘चांगली’, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं. पण रूप विशेषणासारखं बदलतंय, कधी कर्त्याप्रमाणे तर कधी कर्माप्रमाणे. ‘हळू’ मात्र कशानंही हलत नाही. म्हणजे ‘कसं?’ या एकाच प्रश्नाची उत्तरं दोन वेगळ्या घरांतून येतात. मिशमी भाषांमध्ये लिंगानुसार रूपं बदलण्याचा प्रकार नाही, तेव्हा ही खूण तिथे उपयोगी पडणार नाही. विशेषण आणि क्रियाविशेषण वेगळं करायला तिथे दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतील.

आता ‘हळू’चंच कुटुंब घ्या. ‘हळू चाल’ म्हणजे वेग कमी कर. ‘हळूहळू चालायला लागला’ म्हणजे दिवसागणिक, क्रमाक्रमानं. ‘हळूच दार लोटलं’ म्हणजे कुणाला कळू न देता. मूळ एकच, दुप्पट केलं की एक अर्थ, ‘च’ लावला की तिसराच. तसंच ‘पट’चं. ‘पटकन ये’ ही एकदाच होणारी क्रिया. ‘पटपट जेव’ म्हणजे एकच काम झपाट्यानं. ‘पटापट आंबे पडले’ म्हणजे अनेक आंबे एकामागून एक. ‘पटापट आंबा पडला’ म्हणून बघा, कान लगेच तक्रार करतो. द्विरुक्तीनं फक्त जोर येतो असं जे सरसकट सांगितलं जातं, ते या एका उदाहरणानं कोसळतं. इथे ती संख्या सांगतेय.

प्रत्ययांची रांग तर लांबच लांब आहे: जोरानं, शांतपणे, काळजीपूर्वक, शब्दशः, धाडदिशी, टुणकन. त्यांत रमू नका. त्यापेक्षा ही यादी मोठ्यानं वाचा:

तो बोलून गेला.
तो बोलून बसला.
तिनं भाजी चिरून ठेवली.
तिनं पैसे देऊन टाकले.

‘बोलून गेला’ म्हणजे नकळत, ओघात. ‘बोलून बसला’ म्हणजे नको ते, आता पस्तावतोय. ‘चिरून ठेवली’ म्हणजे पुढच्या सोयीसाठी, आधीच. ‘देऊन टाकले’ म्हणजे एकदाचे, कटकट संपवून. यांत क्रियाविशेषण म्हणून दाखवावा असा एकही शब्द नाही, तरी ‘कसं’ याचं उत्तर भरभरून आहे, कारण ते क्रियापदाच्या पोटात गेलंय. कुणी परका अभ्यासक आला आणि त्यानं ‘नकळत’ला मराठीत काय म्हणतात एवढंच विचारलं, तर त्याला ‘नकळत’ मिळेल आणि ‘बोलून गेला’ त्याच्या हातून कायमचं निसटेल. तुम्ही मिशमी गावात तो परका अभ्यासक असणार आहात.

प्रवासाची तयारी, थोडक्यात

अरुणाचलात जायला बाहेरच्या भारतीयांना इनर लाइन परमिट लागतं; ते आधी काढा. दिब्रुगड-तिनसुकियाच्या बाजूनं गेलात तर ढोला-सदिया पुलावरून रोइंग गाठता येतं, ९.१५ किलोमीटरचा हा पूल मे २०१७ मध्ये सुरू झाला. त्याआधी इथे होडीची वाट पाहावी लागायची. अनिनीचा रस्ता पुढे मायोदिया खिंडीतून चढतो. पावसाळ्यात जाण्याचा हट्ट धरू नका, दरडी कोसळून आठवडे वाया जातात.

इदूंमध्ये काम करायचं असेल तर इदू मिशमी कल्चरल अँड लिटररी सोसायटीच्या लोकांना आधी भेटा आणि काय करायचंय ते साध्या शब्दांत सांगा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इदूंचा रेह हा सण आणि १५ फेब्रुवारीला तराओन-कमानांचा तामलादू असतो. त्या दिवसांत प्रश्नावली काढणं हा उद्धटपणा आहे. जा, बसा, ऐका. इदूंचे पुरोहित, म्हणजे इगू, विधीत जी भाषा वापरतात ती रोजच्या बोलण्याहून वेगळी असते. तिथलं काही नोंदवायची परवानगी मिळालीच तर ती नोंद वेगळ्या वहीत करा, बाजारातल्या भाषेत मिसळू नका.

सामान मोजकंच हवं. बरा रेकॉर्डर, कानावर बसणारे हेडफोन, आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा सराव झालेला हात. या भाषांत सुराच्या चढउतारानं शब्दाचा अर्थ बदलू शकतो. पहिल्या दिवसापासून प्रत्येक शब्दावर सुराची खूण करा, चुकली तरी चालेल. ‘नंतर ऐकून भरू’ म्हटलेल्या खुणा कधीच भरल्या जात नाहीत, हा अनुभव माझ्या घरातल्या तीन वह्या देतील.

पहिले चार दिवस क्रियाविशेषणाचं नावही काढू नका

आधी साधी क्रियापदं गोळा करा: चालणं, खाणं, बोलणं, ओतणं, तोडणं, बांधणं, विणणं. प्रत्येकाचं ‘केलं’, ‘करतोय’, ‘करणार’ आणि ‘केलं नाही’. मिशमी भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, मराठीसारखंच, त्यामुळे त्याच्या शेपटीला काय काय लागतंय ते लवकर दिसायला लागतं.

मग ‘चांगला’, ‘मोठा’, ‘जलद’, ‘मंद’ हे शब्द घ्या आणि बघा: ‘गेला नाही’मधला नकार ‘मोठा नाही’मध्येही तसाच लागतो का? काळाचा प्रत्यय लागतो का? तिबेटी-बर्मी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक भाषांत ‘मोठा’ हा शब्द मुळात ‘मोठं असणं’ असं क्रियापदच असतं. मिशमी भाषा त्या कुळात नेमक्या कुठे बसतात, बसतात तरी का, यावर अभ्यासकांत वाद आहे. भाषाशास्त्रज्ञ रॉजर ब्लेंच यांनी तर त्या नात्यावरच शंका घेतली आहे. म्हणून गृहीत काहीच धरू नका, तपासा. तुम्ही अभ्यासताय त्या भाषेत ‘मंद’ हे क्रियापद निघालं, तर पुढचा प्रश्न आपोआप बदलतो. ‘मंद’ आणि ‘चालणं’ ही दोन क्रियापदं एका वाक्यात शेजारी बसवताना ही भाषा काय करते, हे पाहायचं.

बांबू घ्या आणि दाखवा

आता खरं काम. घरात चुलीजवळ बसलेले असाल तर दाओ, म्हणजे तिकडचा कोयता, आणि बांबूचा तुकडा हाताशी असतोच. तोडणारा गावातलाच असू द्या, तुम्ही नको. माझ्यासारख्या शहरी माणसानं कोयता उचलला की सगळ्यांचं लक्ष बोटांकडे जातं. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं ‘यानं काय केलं?’ एवढं सांगायचं. प्रश्न त्यांच्याच भाषेत विचारा. हे एक वाक्य तुम्हाला चौथ्या दिवशी यायलाच हवं.

आधी एका घावात तोडायला सांगा. मग बारीक बारीक घाव घालत. मग अर्धवट तोडून सोडायला. मग मुद्दाम वाकडा. मग न बघता, मान वळवून. मग सगळेच्या सगळे तुकडे, एकही न ठेवता. मग तोडलेलाच पुन्हा. प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य टिपा, एकेकटा शब्द नव्हे. सात वाक्यं एकाखाली एक लिहिली की बदल कुठे होतोय ते डोळ्यांना दिसतं. क्रियापदाच्या आधी नवा शब्द आला? क्रियापदाचा शेवट बदलला? की ‘तोडणं’ हे क्रियापदच गायब होऊन दुसरंच आलं? मराठीत ‘तोडणं, चिरणं, कापणं, फोडणं, छाटणं’ ही वेगवेगळ्या तऱ्हांची वेगवेगळी क्रियापदं आहेतच. तिथे क्रियाविशेषणाची गरजच पडत नाही.

हाच खेळ चहा ओतण्यावर करा: सांडत, थेंब थेंब, उंचावरून, भराभर. कमरेला पट्टा बांधून मागावर विणणाऱ्या बायका असतील तर त्यांच्याजवळ बसा. सैल विणलं, घट्ट विणलं, नमुना चुकला, उसवून परत विणलं, हे सगळं तिथे बोललं जातंच आणि तुम्हाला नाटक करावं लागत नाही. फक्त त्यांचं काम थांबवून प्रश्न विचारू नका.

तीन दारं

वाक्यं शंभरेक झाली की गट करायला बसा. शेजारपाजारच्या भाषांत क्रियाविशेषण बनवायच्या ज्या वाटा आहेत, त्या आपल्या मिशमी भाषेत आहेत का, हे एकेक करून तपासायचं.

पहिलं दार प्रत्ययाचं. मणिपुरीत, म्हणजे मैतेईत, ‘ना’ लागून क्रियाविशेषण होतं: तप्ना म्हणजे हळू, याङ्ना म्हणजे भरभर. बोडोत मोजां म्हणजे चांगलं आणि मोजाङै म्हणजे चांगल्या तऱ्हेनं. तुमच्या वाक्यांत एकच शेवट वेगवेगळ्या गुणवाचक शब्दांना लागताना दिसला, तर त्याचा माग काढा. तो नामांनाही लागतो का हे पाहा. मराठीतला ‘नं’ ‘कोयत्यानं’मध्ये साधन दाखवतो आणि ‘जोरानं’मध्ये रीत, तसा दुपेडी प्रत्यय सापडला तर तो एकच आहे की दोन सारखे दिसणारे, हा निर्णय शेवटी करा, आधी नको.

दुसरं दार दुपटीचं. बर्मी भाषेत काउं म्हणजे चांगलं असणं आणि काउंकाउं म्हणजे नीट, चांगलं. म्यान म्हणजे जलद असणं आणि म्यानम्यान म्हणजे भरभर. दुप्पट शब्द मिळाला की लगेच ‘जोर’ असं लिहून मोकळे होऊ नका. आंब्यांची कसोटी लावा: कर्ता एकच असला तर चालतं का? एकदाच घडलेल्या क्रियेला चालतं का? एकेरी शब्द घातला तर वाक्य मोडतं की फक्त अर्थ बदलतो? आणि दुसऱ्या भागाचा सूर पहिल्यासारखाच आहे का? हे शेवटचं हेडफोन लावूनच कळतं.

तिसरं दार क्रियापदाच्या आतलं. पश्चिमेचे शेजारी, आदी आणि गालो, यांच्या भाषांत क्रियापदाच्या मुळाला चिकटणाऱ्या छोट्या तुकड्यांची मोठी रेलचेल आहे. रीत, दिशा, परिणाम सगळं त्यांत येतं. हे दार तपासायला सगळ्यात चांगली किल्ली नकाराची. मराठीत ‘तो हळू चालला नाही’ म्हटलं तर तो भरभर चालला असा अर्थ होतो. चालण्याला नकार नाही, हळूपणाला आहे. तुम्ही अभ्यासताय त्या भाषेत नकाराचा तुकडा कुठे बसतो? रीत दाखवणाऱ्या तुकड्याच्या आधी की नंतर? दोन्हीकडे बसत असेल तर अर्थ बदलतो का? शिवाय क्रियापद आणि रीतीचा तुकडा यांच्या मध्ये एखादा सुटा शब्द घुसवून पाहा. घुसला तर तो रीतीचा तुकडा सुटा आहे, नाही घुसला तर क्रियापदाचा भाग. ऐकणाऱ्याचा चेहरा तुम्हाला उत्तर देतो, तोंड उघडायच्या आधीच.

अख्ख्या छोट्या वाक्यानं काम भागवण्याचीही रीत असते: ‘धावत आला’, ‘लपून बसला’, ‘न सांगता गेला’. यातलं ‘न सांगता’ नक्की विचारा. नकार आणि रीत एकत्र आल्यावर भाषा काय करते ते तिथे उघडं पडतं.

हिंदीचा सापळा

अरुणाचलात तुमचं बोलणं बहुतेक हिंदीतून होणार. तिथली हिंदी स्वतःचा बाज असलेली आहे आणि लोक ती सफाईनं बोलतात, म्हणूनच धोका. तुम्ही ‘धीरे-धीरे’ म्हणालात की समोरचा मदत म्हणून आपल्याही भाषेतला शब्द दोनदा म्हणून देतो. मग वहीत लिहिलं जातं की इथे द्विरुक्तीनं क्रियाविशेषण होतं, आणि ती द्विरुक्ती तुमचीच असते! म्हणून एकेरीच विचारा, किंवा मुळीच विचारू नका, बांबूकडे परत जा.

काळ विचारताना तर जास्तच जपा. हिंदीत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्याही. आपला ‘परवा’ तसाच, दोन्हीकडे तोंड असलेला. ‘कल’चा शब्द मागितला तर दोन भाषकांकडून दोन वेगळे शब्द मिळतील आणि तुम्ही ते समानार्थी म्हणून नोंदवाल. त्यापेक्षा घडलेली गोष्ट धरा: हरवलेला मिथुन (गव्यासारखं तिकडचं पाळीव जनावर) सापडला तो दिवस, पाहुणे येणार तो दिवस. जमिनीवर दगड मांडा, मधला दगड म्हणजे आज, आणि एकेका दगडावर बोट ठेवत जा.

‘इथे-तिथे’लाही हेच. डोंगरातल्या भाषांत ‘तिथे’ एवढ्यानं भागत नाही. हिमालयातल्या अनेक भाषा चढावरचं तिथे, उतारावरचं तिथे, नदीच्या वरच्या अंगाचं आणि खालच्या अंगाचं तिथे, असे भेद ठेवतात. खोलीत बसून हे कळायचं नाही. अंगणात उभे राहा आणि वरचं घर, खालचं घर, समोरच्या डोंगरावरचं घर दाखवत विचारा. मग पन्नास पावलं चालून, पाठ फिरवून, तेच परत विचारा. जागा बदलल्यावर कोणता शब्द बदलला आणि कोणता तसाच राहिला, हे टिपायचं.

तपासणी आणि नोंद

आता तुम्ही स्वतः वाक्यं करा, मुद्दाम थोडी चुकीचीही. पहिल्या भाषकाला नाही, दुसऱ्याला ऐकवा, शक्यतो वेगळ्या पिढीतल्या. ‘बरोबर आहे का?’ असं विचारलंत तर पाहुण्याचं मन राखायला ‘हो’ मिळेल. ‘हे तुमची आत्या म्हणेल का?’ असं विचारा. मग हसू फुटतं आणि खरं उत्तर येतं. नाकारलेली वाक्यं फुली मारून जपून ठेवा. माझ्या मते वहीतला सगळ्यात महाग माल तोच, कारण नियम कुठे संपतो ते तीच सांगतात.

मग गोष्टी ध्वनिमुद्रित करा: शिकारीची, वाट चुकल्याची, पुराची. प्रश्नोत्तरांत सतत येणारा एखादा शब्द गोष्टीत एकदाही येत नाही, असं हटकून होतं. तो शब्द खोटा नसतो, पण तुमच्या प्रश्नानं ओढून आणलेला असतो. नोंदीत तसं लिहा.

नोंद कशी असावी, हे आपल्याच शब्दावर दाखवतो:

हळूच. मूळ ‘हळू’ + ‘च’. अर्थ: कुणाला कळू न देता; नाजूक हातानं. जागा: बहुधा क्रियापदाच्या किंवा कर्माच्या आधी, एकटं उत्तर म्हणून चालतं (‘कसं उघडलंस?’ ‘हळूच.’). दुप्पट: ‘हळूच हळूच’ चालतं, सावधपणा वाढतो. न चालणारं: क्रमाक्रमानं या अर्थी (× ‘महागाई हळूच वाढत गेली’, विनोदानं म्हटलं तरच). कुठे मिळालं: गोष्टीत ४, विचारून २. कुणी सांगितलं, कधी, ध्वनिफितीचा क्रमांक.

अशा तीस नोंदी नीट झाल्या तर एका मोसमाचं काम झालं असं समजा. निघण्यापूर्वी ध्वनिफितींची एक प्रत गावातच ठेवा, पेन ड्राइव्हवर, आणि कोणत्या फाइलमध्ये कुणाचा आवाज आहे त्याचा कागद सोबत. पेन ड्राइव्ह हातात पडला की पहिल्यांदा आजोबांची गोष्ट लागते, आणि ती ऐकताना पोरं मध्येच एखादं वाक्य दुरुस्त करतात. तेवढ्यासाठी बॅग भरली तरी रेकॉर्डर बाहेरच ठेवा.